मदत हवी आहे: एकाच वेळी मराठीत आणि कन्नडमध्ये वाचता येतील अशी पुस्तकं

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. वहिनीचं माहेर गोकाकचं, शिक्षण सगळं कन्नडमधून. मराठी बोलायला फर्डी, पण वाचायला घेतलं की एका पानाला इतका वेळ लागतो की वैतागून मिटून टाकते. म्हणून या महिन्यात ठरवलं, एकच पुस्तक तिनं कन्नडमध्ये वाचायचं, मी मराठीत, आणि रात्री स्वयंपाक करताना त्यावर बोलायचं.

सुरुवात कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'नं केली. माझ्याकडे उमा कुलकर्णींचा अनुवाद (बाई मूळच्या बेळगावच्याच). नंजनगूड, कपिला नदी, कर्मठ पण मायाळू श्रीनिवास श्रोत्री, आणि त्यांची विधवा सून कात्यायनी, जी कॉलेजला जायला लागते. निम्म्यापर्यंत पुस्तक खाली ठेववलं नाही. पुढं मात्र माझं लेखकाशी बिनसलं. कात्यायनी दुसरं लग्न करते आणि तिचे गर्भ एकामागून एक पडत जातात. ही शिक्षा नियतीनं दिली की भैरप्पांनी? वहिनी म्हणते, मग श्रोत्रींना स्वतःच्या जन्माबद्दल शेवटी जे कळतं त्याचं काय? वंशाचा सगळा अभिमानच मुळासकट उपटलाय की लेखकानं! मुद्दा बिनतोड आहे, तरी मला पटलेला नाही. आणि कात्यायनीच्या दुसऱ्या नवऱ्याचे थोरले भाऊ सदाशिवराव, त्यांची पहिली बायको नागलक्ष्मी, तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. हा वाद इतका रंगला की आईला मधे येऊन "भाकरी करपायलीय" म्हणून ओरडावं लागलं.

मग प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. हे इंदिरा संतांचे चिरंजीव. कन्नड भाषांतर मिळालं नाही, तेव्हा मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. यातला छोटा लंपन आजीआजोबांकडे राहतो ते गाव आमच्या बाजूचंच वाटतं. माणसं बोलता बोलता कन्नडात शिरतात, परत बाहेर येतात, कुणाला त्याचं काही नाही. काही जागी वहिनी माझ्या आधी हसायची. महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक हेच. क्वचित लंपन जरा जास्तच गोड होतो, पण ते चालतंय.

जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' हा कथासंग्रह मी एकटीनंच वाचला. त्यातली 'विदूषक' ही कथा दमवणारी आहे. मला आधीचे, 'निळासावळा'तले जी.ए. जास्त जवळचे वाटतात.

तर मदत अशी हवी: दोन्ही भाषांत मिळणारी पुस्तकं सुचवा. कन्नडमधून मराठीत आलेली बरीच सापडतात, उलट दिशेची मला माहीतच नाहीत. फार जाडजूड नको. वहिनीला पौराणिक चालेल, मला रडकं चालणार नाही. बेळगावात कन्नड पुस्तकांच्या दुकानात मी विचारलं, तर त्यांनी मला स्पर्धा परीक्षेची गाइडं दाखवली.

प्रतिसाद:
ताई, एकच पुस्तक कशाला? एकच गोष्ट घ्या. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) तुम्ही वाचा आणि गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक 'ययाति' (१९६१) वहिनींना द्या. खांडेकरांकडे ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात, शिवाय कचाला मोठी जागा. कार्नाडांनी पुरूला चित्रलेखा नावाची बायको दिली आहे, आणि बापाचं म्हातारपण मुलानं घेतलं तर तिनं काय करायचं, हे तीच विचारते. कात्यायनीवरून भांडलात, तर इथं भाकरीच काय, तवाही जळेल.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. त्याच धर्तीवर, दोन्ही महाभारतावरची: भैरप्पांचं 'पर्व' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. 'पर्व' जाड आहे, ते वहिनींच्या वाट्याला जाऊ द्या. मराठीतून कन्नडमध्ये गेलेल्यांसाठी दुकानात पुस्तकाचं नाव न सांगता चंद्रकांत पोकळे यांचे अनुवाद मागा, त्यांनी मराठीतलं पुष्कळ तिकडं नेलंय. नाहीच मिळालं तर धारवाडला जाणारं कुणीतरी गाठा.

धागाकर्ती:
'ययाति' पक्कं. खांडेकर घरात आहेत, कार्नाड शोधते. वहिनी म्हणते नाटक लहान, ती आधी संपवून माझ्यासाठी थांबणार नाही. तेव्हा शेवट फोडू नये यासाठी काय करता, तेही सांगा.