अपडेटनंतर लिनक्स सुरूच होत नाही: दोष विंडोजचा की जुन्या ग्रबचा?

सह्यकडा: ऑगस्ट २०२४ चा विंडोज अपडेट आठवतोय? ड्युअल बूटवाल्या (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या) कितीतरी मशीनवर काळ्या पडद्यावर 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' उमटलं आणि मशीन बंद. ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनूसुद्धा नाही. जुने, असुरक्षित बूट प्रोग्रॅम बाद करणारा हा बदल ड्युअल बूटला लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं, तरी लागला. दुरुस्त अपडेट यायला मे २०२५ उजाडला. एसबॅट म्हणजे कोणते जुने बूट प्रोग्रॅम बाद, याची नोंद. ती फर्मवेअरमध्ये (मशीनच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) राहते, ती दोन्ही सिस्टिम्सची सामाईक. तिला परस्पर हात लावायचा अधिकार एकीला कोणी दिला?

रातकिडा: अजिबात पटत नाही. ज्यासाठी हा बदल आला, ते ग्रबमधलं सुरक्षेचं भगदाड (क्रमांक सीव्हीई-२०२२-२६०१) नोव्हेंबर २०२२ मध्येच जाहीर झालं होतं. जुना ग्रब डिजिटल सही केलेला असतो, त्यामुळे हल्लेखोर तो सोबत आणून नुसत्या विंडोजच्या मशीनवरही सिक्युअर बूटला (सही असलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणाऱ्या तपासणीला) बगल देऊ शकतो. तो बाद करायलाच हवा होता. पावणेदोन वर्षं कमी झाली का?

सह्यकडा: बाद करा, पण विचारून. उबुंटू २४.०४ सारख्या ताज्या आवृत्तीवरूनही तक्रारी होत्या, मग आळशी कोणाला म्हणायचं?

पाणवठा: वाद चालू द्या, ज्याचं मशीन अडकलंय त्याच्यासाठी लिहितो. फॉरमॅट करू नका, डेटा जागेवर आहे. जुना लाइव्ह पेनड्राइव्हही (ज्यावरून थेट लिनक्स चालतं तो) तोच एरर देतो, कारण त्यातला शिमही (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) जुनाच. म्हणून डिस्क गेली असं समजू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ती मागू शकतं. मग बायोसमधून सिक्युअर बूट बंद, लिनक्समध्ये शिरून मोकयुटिल या कमांडने एसबॅट पॉलिसी डिलीट, आणि रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्येच. शिम आणि ग्रबचे अपडेट घ्या, मगच सिक्युअर बूट चालू करा.

रातकिडा: शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, माझी भीती तीच. लिनक्स एकदा चालू झालं की सिक्युअर बूट कायमचा बंद.

सह्यकडा: गाळतात, कारण विश्वास उडालेला असतो. इन्स्टॉल करण्याआधी 'या मशीनवर दुसरी सिस्टिम आहे, पुढे जायचं का?' एवढं विचारलं असतं तर त्यांनी शिम आधीच बदलून घेतला असता.