दूध-भाकरी असताना पाकिटातलं मऊ अन्न कशाला?

धुळ्याची_लेक
परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की गिळता न येणाऱ्यांसाठी मऊ अन्न विकणं म्हणजे शहरी चोचले, आपली म्हातारी माणसं दूध-भाकरीवर ठणठणीत होती. सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा घरात हाच जप चालला होता. अहो, दूध आधीच घशाकडे पळतं आणि भाकरीचा तुकडा तोंडातच घोळत राहतो. ठसका लागला तर नशीब. काहींना तोही लागत नाही, घास गुपचूप फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. साधं पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागतं. दाट करायची ती पावडर मुंबईहून मागवली. वरण मिक्सरमधून काढा, गाळा, चमच्याने भरवा, दिवसभर तेच. नवऱ्याला रविवारची सुट्टी, मला नाही. जपानात अशा पाकिटांवर चार पायऱ्या छापतात: सहज चावेल, हिरडीनं चिरडेल, जिभेनं चिरडेल, चावायलाच नको. जळगावात निदान दोन पायऱ्यांचं कुणी काढेल का?

तापीकाठचा
ताई, कापूस विकून उधारी फेडणाऱ्या घरात एका वाटीचे पैसे कोण मोजणार? शिवाय चव? वडिलांनी दवाखान्यातली पेज थुंकली आणि भरीत मागितलं.

सावदेकर
मग द्यायचं ना भो, भरीत मऊच असतं.

चोपड्याची_सिस्टर
अजिबात देऊ नका! बिया, सालीचे जळके पापुद्रे, लसूण-मिरचीचे तुकडे, वरून कांद्याची पात. गाळणीतून काढलं तर बघू.

तापीकाठचा
कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत ठेचायचं आणि मग गाळायचं? त्याला भरीत म्हणू नका.

सावदेकर
बामणोदच्या वांग्याला बियाच कमी. संकरित वांगी खाणाऱ्यांना काय कळणार!

भुसावळ_लोको
बडगी आता फक्त फोटोला ठेवतात. आत मिक्सर फिरतो.

तापीकाठचा
आमच्याकडे आहे, या बघायला. मिक्सरवाल्यांनी भरतावर बोलू नये.

सावदेकर
शेंगदाणे घालणाऱ्यांनीही.

धुळ्याची_लेक
धागा भरताचा नाही!!

रावेरचा_केळीवाला
मग केळीचा करा. भाव पडला की घड बांधावर टाकतो आम्ही. २०१६ला जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय भिंतीवर लावायला? केळीची पेस्ट करून विका, दातही लागत नाहीत.

चोपड्याची_सिस्टर
दादा, नुसतं केळं टाळूला चिकटून बसतं. दूध घालून इतकं घोटावं लागतं की चमचा तिरपा केला की गोळा अलगद घसरला पाहिजे. गिळायला त्रास असणाऱ्यांच्या अन्न-पेयांची आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ पायऱ्यांची. मोठ्यांसाठी पाचव्या पायरीचा, म्हणजे बारीक केलेल्या ओलसर अन्नाचा, कण ४ मिमीपेक्षा रुंद नको, म्हणजे काटा-चमच्यातल्या काट्याच्या दोन दातांमधली फट. घरी रोज कोण बघतं? आणि सगळे म्हातारेच धरून बसलेत. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे म्हणे. माझ्या वॉर्डात तोंडाच्या कॅन्सरची चाळिशीची माणसं असतात, किरणं घेऊन लाळ आटलेली. त्यांना पेज नको, शेवभाजीची चव हवी. गिऱ्हाईक तिथे आहे.

भुसावळ_लोको
पुड्या त्यांनी खायच्या आणि शेवभाजी आपण मऊ करायची?

चोपड्याची_सिस्टर
हो. तुमच्या घरात कुणीच पुडी खात नाही असं लिहून द्या, मग बोला.

भुसावळ_लोको
घरावर जाऊ नका, सांगून ठेवतो.

तापीकाठचा
शेव भिजून तशीही लगदाच होते म्हणा. काढा बापा धंदा! पण बचत गटाने सकाळी भरलेला डबा मे महिन्याच्या उन्हात, वीज गेल्यावर, दुपारपर्यंत टिकेल का?

धुळ्याची_लेक
ओलं विकायचंच नाही. मूगडाळ-तांदूळ शिजवून, वाळवून बारीक पीठ. घरी गरम पाण्यात घोटायचं, पाण्याचं माप पाकिटावर. ज्वारीचे पापड, बिबड्या वाळवणाऱ्या बाया आपल्याकडे आहेतच.

चोपड्याची_सिस्टर
माप चुकलं की खळ होईल. प्रत्येक घाणा चमच्याने तपासणार असाल आणि कुणाला कोणती पायरी हे डॉक्टर ठरवणार असतील, तरच मी हो म्हणेन.

तापीकाठचा
पुडीच्या भावात बसवा, मग मीही घेतो.

रावेरचा_केळीवाला
आणि केळीचं काय ठरलं?