किचन स्वतः करतोय (न्यू जर्सी), पुढे पुण्याला परत जायचंय. हूड आणि जुन्या फरशीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मध्य न्यू जर्सीत राहतो. घर १९६०च्या दशकातलं, स्प्लिट लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या जिन्याने जोडलेले मजले). आणखी तीनेक वर्षं नोकरी करायची, मग इथला गाशा गुंडाळून कायमचं पुण्याला, असं ठरलंय. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) झालंय. (मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, तिकडे चालत नाही हे माहीत आहे, त्यावर वेगळा धागा काढेन.) घर तेव्हा विकणार. पण आत्ताचं किचन बघून गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, आणि कंत्राटदाराचा आकडा ऐकून पुण्याच्या फ्लॅटचं अख्खं फर्निचर डोळ्यांसमोर आलं. म्हणून स्वतःच करायला घेतलंय. आयकियाची सेक्टियन कॅबिनेट्स आणलीत. खोके सगळे हॉलमध्ये, सोफा कुठे आहे ते आठवणीने शोधायचं.

अडलंय ते फोडणीपाशी. सध्या शेगडीवर मायक्रोवेव्ह टांगलाय. तो धूर ओढतो आणि आपल्याच तोंडावर सोडतो. ठेच्याला मिरच्या परतल्या की वरच्या बेडरूममध्ये ठसका. त्यामुळे हवा खरोखर घराबाहेर टाकणारा हूड हवाय. शेगडी आतल्या भिंतीला आहे, पण छतातले जॉइस्ट (आडव्या तुळया) नशिबाने बाहेरच्या भिंतीकडेच जातात, सहा इंची डक्ट बसेल. नवऱ्याला मात्र ९०० सीएफएमचा (मिनिटाला ९०० घनफूट हवा ओढणारा) हूड हवाय. ४०० च्या वर गेलं की बाहेरची हवा आत घ्यायची वेगळी सोय करावी लागते असं वाचलं. एवढं खरंच गरजेचं आहे का? बेसमेंटमध्ये गॅसचा जुना वॉटर हीटर आहे, चिमणीवाला.

दुसरं, व्हायनिल उचकटलं तर खाली नऊ इंची चौकोनी टाइल्स आणि काळा गोंद निघाला. काढाव्यात की वरून नवीन फरशी टाकावी?

आणि पावत्यांचं काय करायचं? एका मैत्रिणीच्या मते घर विकताना कामाला येतात.

प्रतिसाद १

हूडचं आधी. वॉटर हीटर चिमणीवाला आहे म्हणालात, तोच खरा मुद्दा. मोठा हूड घट्ट बंद घरातली हवा इतकी ओढतो की चिमणीतून वर जाणारा धूर उलटा खाली येतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात. ९०० ला सहा इंची डक्ट पुरणारही नाही, नुसता आवाज होईल. ४०० च्या आतला घ्या, पण शेगडी ३० इंची असेल तर हूड ३६ इंची घ्या, आणि फोडणी मागच्या बर्नरवर. रुंदीने जो फरक पडतो तो आकड्याने पडत नाही. परमिट टाउनशिपकडून घ्याच. विकताना विचारतात.

टाइल्स: त्या काळच्या नऊ इंची टाइल्समध्ये आणि काळ्या गोंदात ॲसबेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतो. घासू नका, फोडू नका. एक तुकडा लॅबला पाठवा. असला तरी टाइल्स अखंड असतील तर वरून झाकणं हा मान्य उपाय आहे. फक्त नवीन फरशी डिशवॉशरच्या खालपर्यंत न्या. पुढेच उंची वाढली तर तो बिघडल्यावर बाहेर निघत नाही, काउंटरटॉप उचकटावा लागतो. सेक्टियनचे पाय फिरवून उंची जुळवता येते, तेव्हा फरशी जिथे सर्वांत उंच आहे तिथून पाणसळ लावायला सुरुवात करा. काउंटरटॉपवाला कॅबिनेट्स पक्की झाल्यावरच मोजमाप घेतो.

प्रतिसाद २

पावत्या सगळ्या ठेवा. सुधारणेचा खर्च घराच्या मूळ किमतीत धरला जातो, तेवढा नफा कमी दिसतो. पण तुमची स्वतःची मेहनत धरत नाहीत, फक्त माल आणि दुसऱ्याला दिलेली मजुरी. शेवटच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं त्या घरात राहिलात तर जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त. तपशील आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) पब्लिकेशन ५२३ मध्ये.

मात्र घर रिकामं ठेवून पुण्याला जाऊ नका. तिकडे आरएनओआर (परतलेल्यांना सुरुवातीची काही वर्षं मिळणारा करसवलतीचा) दर्जा संपला की परदेशातल्या नफ्यावरही भारतात कर लागतो. जाण्याआधी विकलेलं बरं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! ९०० चा विषय घरात आज संपला. तुकडा उद्या पाकिटात भरते. आता क्वार्ट्झ की ग्रॅनाइट? क्वार्ट्झवर तापलेली कढई ठेवायची नाही म्हणतात, आणि आमच्याकडे तसं जपून वागायची सवय कुणालाच नाही.