'महासत्ता', 'ऱ्हास', 'अवनती' : कोणता शब्द कोठे?

प्रश्न (निपाणी) : आमच्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांतून आलेली मुले एका वर्गात बसतात. त्यांच्या इतिहासाच्या उत्तरांत 'ब्रिटिश साम्राज्याची अवनती', 'सोव्हिएत महासत्तेचा ऱ्हास', 'अमेरिकी महाशक्तीचा अस्त' असे प्रयोग सरमिसळ आढळतात. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर (बेळगाव) : मॅडम, चालू नयेत असे मला ठामपणे वाटते, कारण या तीन घटना मुळातच तीन प्रकारच्या आहेत.

आधी 'महासत्ता'. मराठीत 'सत्ता' म्हटले की राज्य करणे मनात येते. परंतु महासत्तेला दुसऱ्याच्या भूमीवर राज्य करावे लागतेच असे नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ विल्यम फॉक्स यांनी 1944 मध्ये 'सुपरपॉवर' ही संज्ञा वापरली तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासोबत ब्रिटनलाही तीत धरले होते. 1956 च्या सुएझ प्रकरणात, म्हणजे सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने फ्रान्ससह इजिप्तवर हल्ला केला तेव्हा, अमेरिकेने पौंडाला आधार नाकारताच ब्रिटनला युद्ध थांबवावे लागले. वसाहती तेव्हाही त्याच्याकडे होत्या, म्हणजे साम्राज्य पुरते संपलेले नव्हते. महासत्तापण मात्र उरले नव्हते. हिंदीतील आणि कन्नडातील 'महाशक्ती' हा शब्द या दृष्टीने अधिक नेमका आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. तरीही मराठीत 'महासत्ता' इतका रुळला आहे की तो बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही.

'ऱ्हास' हा संस्कृत 'ह्रास'चा मराठी अवतार. 'ह्रस्व' त्याच धातूचा, त्यामुळे हळूहळू आखूड होत जाणे हा अर्थ त्याच्या पोटातच आहे. 1947 मध्ये भारत सोडण्यापासून 1968 मध्ये सुएझच्या पूर्वेकडील सैन्य मागे घेण्याच्या घोषणेपर्यंत ब्रिटनचे जे झाले, त्याला हाच शब्द शोभतो. सोव्हिएत संघाची अर्थव्यवस्था आधीपासून कुंठित होती, तो ऱ्हास खरा. पण डिसेंबर 1991 पर्यंत एका राज्याच्या जागी पंधरा राज्ये उभी राहिली, त्याला 'विघटन'च म्हणावे. 'पतन' राजधानीसाठी किंवा राजवटीसाठी राखावे, जसे 1975 मधील दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीचे, सायगॉनचे पतन.

'अवनती'बाबत आपल्या भागात विशेष सावध राहावे लागते. कन्नडात साम्राज्याच्या उतरत्या काळासाठी हा शब्द सहज, तटस्थपणे येतो. मराठी वाचकाला मात्र त्यात नैतिक घसरणीचा सूर ऐकू येतो. कन्नड माध्यमातील मुलाने तो लिहिला तर त्याचे गुण कापू नयेत, अर्थभेद तेवढा समजावून सांगावा.

पुरवणी (खानापूर) : सरांच्या विवेचनात अमेरिका राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाच्या एकूण उत्पादनात तिचा जो वाटा होता तो आज बराच कमी, सुमारे एक चतुर्थांश आहे. परंतु तिचे स्वतःचे उत्पादन त्या काळापेक्षा कितीतरी वाढले आहे. इतरांचे अधिक वेगाने वाढले म्हणून वाटा घटला. याला 'अस्त' म्हणणे चूक, आणि नुसता 'ऱ्हास'ही दिशाभूल करणारा. 'सापेक्ष ऱ्हास' लिहावे. चीनच्या 'उदया'लाही माझी हरकत आहे. 2010 मध्ये जपानला मागे टाकून तो दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला हे खरे, पण 1820 च्या सुमारास जगाच्या उत्पादनात त्याचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश होता, असा आर्थिक इतिहासकार अँगस मॅडिसन यांचा अंदाज आहे. तेथे मी मुलांना 'पुनरुत्थान' लिहायला सांगते.