डी.फार्म झालं, आता हॉस्पिटल की मेडिकल स्टोअर? (गोवा)

डिचोलीची_पोर
नमस्कार सगळ्यांना. डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) झालं, ट्रेनिंगचे ५०० तास भरले, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पण आलं हातात. आता दोन ठिकाणी बोलावलंय आणि डोक्याचा भुगा झालाय. एक पणजीजवळचं खासगी हॉस्पिटल, तिथली फार्मसी, तीन शिफ्ट, नाईट आळीपाळीने. दुसरं म्हापशातलं मेडिकल, मालक बाबांच्या ओळखीचे, सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ४ ते साडेआठ, रविवार सुट्टी. पगारात फार फरक नाही, हॉस्पिटल थोडं जास्त देतंय पण रात्री साडेआठनंतर पणजीहून डिचोलीला बस मिळायची मारामार, म्हणजे रूम घ्यावी लागणार आणि तो जास्तीचा पगार तिथेच जाणार. घरचे म्हणतात म्हापसाच बरं, दुपारी घरी जेवायला येता येईल (कसं येणार देव जाणे, जाऊन येऊनच तीन वाजतील). मला प्रश्न कामाचा आहे. दोन्हीकडे काउंटरमागे उभं राहून गोळ्याच द्यायच्या ना, मग फरक नक्की काय? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा.

बांबोळीकर
गोळ्याच द्यायच्या हे खरं पण घेणारा वेगळा. मी खासगी हॉस्पिटलमध्ये आहे, आधी मेडिकलवर होतो. हॉस्पिटलात निम्मा दिवस पेशंट दिसतच नाही, समोर असते सिस्टर किंवा वॉर्डबॉय आणि हातात इंडेंट, म्हणजे वॉर्डाला लागणाऱ्या औषधांची मागणी-चिठ्ठी. सकाळचा राउंड झाला की सगळ्या वॉर्डांचे इंडेंट एकदम येऊन पडतात, त्यात आयसीयूचं स्टॅट (ताबडतोब हवं असलेलं) आलं की बाकी सगळं बाजूला. आणि डिस्चार्ज! लोकांना वाटतं बिलिंगवाले उशीर लावतात, पण वॉर्डातून उरलेली औषधं फार्मसीत परत येऊन वजा झाल्याशिवाय बिलच बंद होत नाही, त्यामुळे नातेवाईक आपल्याच खिडकीशी येऊन तोंड सोडतात.

शिकायला मात्र भरपूर आहे. मेडिकलवर वर्षानुवर्षं ज्याला हात लागत नाही ते इथे रोज. मॉर्फिन, फेंटानिल (नशा येणारी वेदनाशामकं) कुलपात, रजिस्टरला प्रत्येक अँप्युलचा हिशेब, शिफ्ट बदलताना दोघांनी मिळून मोजायचं, एक कमी भरलं तर कोणी घरी जात नाही. पोटॅशियम क्लोराईडचे अँप्युल वेगळ्या जागी ठेवायचे, बाकी इंजेक्शनांच्या रांगेत चुकून जाता कामा नयेत, कारण ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. परत आलेल्या मालाचं पण तसंच. इन्सुलिनची न फोडलेली व्हायल वॉर्डातून परत आली, दिसायला नवी कोरी, पण मधले चार तास ती २ ते ८ डिग्रीत होती की सिस्टरच्या टेबलावर उन्हात हे कोण सांगणार? आपल्याकडे मे महिन्यात तर विचारूच नका. मी सरळ नाही म्हणतो, मग स्टोअरवाले कितीही बडबडू देत.

नाईटचं म्हणशील तर सवय होते, पण पहिल्याच महिन्यात एकटीला नाईटला बसवणार असतील तर जाऊ नको. हे आधीच विचारून घे.

कळंगुट_केमिस्ट
वरच्या भावाचं मान्य पण मेडिकलवर शिकायला नाही हे मला पटत नाही. हॉस्पिटलात डॉक्टर वरच्या मजल्यावर बसलेला असतो, शंका आली की फोन. इथे चिठ्ठी कुठल्या गावची, डॉक्टर कोण, अक्षर काय, सगळं तुलाच. आमच्या किनाऱ्याच्या पट्ट्यात सीझनला अर्धी गिऱ्हाइकं परदेशी, त्यांना आपली ब्रँड नावं माहीत नाहीत आणि आपल्याला त्यांची. रशियन बाई येऊन नो-श्पा मागते, पोट धरून उभी, पोरगा म्हणतो नाही आमच्याकडे. अरे बाबा ते ड्रोटावेरिन, समोरच्या रॅकवर ड्रोटिन पडलंय! मूळ औषधाचं नाव पाठ असेल तर मेडिकलवर तुला मान आहे, नाहीतर नुसती डबे हलवणारी होशील.

दुसरी गोष्ट म्हणजे नाही म्हणायला शिकणं. संध्याकाळी चार टुरिस्ट येतात, अल्प्राझोलाम द्या, ट्रामाडोल द्या, चिठ्ठी नाही, दुप्पट पैसे देतो. ही दोन्ही शेड्यूल एच-१ मध्ये (चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची कडक यादी) आहेत, २०१४ पासून त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध किती दिलं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. साधं अँटिबायोटिक सेफिक्झिम पण त्यातच येतं हे कित्येकांना ठाऊक नसतं. तू कायद्याने नाही म्हणशील पण मागे बसलेला मालक हो म्हणणारा असेल तर तुझं काय होणार ते बघ. म्हणून माझ्या मते दुकान कसं त्यापेक्षा मालक कसा हे आधी बघायचं. बाबांच्या ओळखीचे आहेत हे चांगलंही आणि वाईटही, ओळखीत पगार वाढवून मागायला तोंड उघडत नाही.

आणि पगाराचं गणित पण समजून घे. सरकारने भाव बांधलेल्या औषधांवर रिटेलरला १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं, त्यात आता गिऱ्हाईक ऑनलाईनचा भाव मोबाईलवर दाखवून १० टक्के सूट मागतं. लाईट, भाडं, एक्सपायरी जाऊन उरेल त्यात तुझा पगार. छोट्या दुकानात तो पटापट वाढत नाही, मालक कितीही भला असो.

पेडण्याची_ताई
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून सांगते. म्हापशाचं जे मेडिकल आहे तिथे लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून आत्ता कोणाचं नाव आहे ते विचार. तुझं नाव घालणार असतील तर मग दुकान उघडं असेल तेव्हा तू तिथे असायलाच हवीस. "सर्टिफिकेट लावून ठेव, अधूनमधून ये, महिन्याला अमुक देतो" असं कोणी म्हणालं तर ओळखीचा असो नाहीतर सख्खा मामा, हात जोडायचे. इन्स्पेक्टर आला आणि तू नसलीस तर उत्तर तुलाच द्यावं लागतं, आणि फार्मसी अॅक्टप्रमाणे रजिस्टर्ड फार्मासिस्टशिवाय दुसऱ्याने औषध द्यायचंच नाही. सोडताना पण लेखी कळव आणि पोच घे, नाहीतर तू दुसरीकडे कामाला आणि नाव अजून तिथल्या भिंतीवर.

बाकी कामाचं सांगायचं तर मला मेडिकलच आवडलं. तीच माणसं दर महिन्याला येतात. एका आजोबांची बीपीची गोळी कंपनीने बदलली, रंग वेगळा, तर ते जुनी आणि नवी दोन्ही घेत होते, स्ट्रिपा काउंटरवर ठेवायला लावल्या तेव्हा कळलं. हॉस्पिटलात हा माणूस डिस्चार्ज होऊन गेला की तुला परत दिसत नाही. आणि हो, स्ट्रिप कापून देताना बॅच आणि एक्सपायरी छापलेला भाग शेवटपर्यंत आपल्याकडे राहील अशीच काप, हे पहिल्या दिवशी कोणी शिकवत नाही.

सत्तरीवाला
सरकारी जागांवर पण लक्ष ठेव. फार्मासिस्टच्या पोस्ट पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), जिल्हा हॉस्पिटल, बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज सगळीकडे असतात, भरती कधी निघेल याचा नेम नाही. १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आत्ताच करून ठेव, जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत धावाधाव नको. कोकणी यावीच लागते, मराठी आलं तर बरं असं लिहिलेलं असतं, म्हणजे तुझं दोन्ही बाजूंनी जमतंय. त्यासाठी हॉस्पिटलचा अनुभव जास्त कामाला येईल असं माझं मत. गल्फला जायचा विचार असेल तरी तेच, तिकडे डिप्लोमावाल्यांना बहुतेक टेक्निशियन म्हणून घेतात आणि हॉस्पिटलात काम केलंय का हे विचारतात.

कळंगुट_केमिस्ट
सगळ्यांनाच गल्फला पाठवा, मग इथे औषधं कोण देणार 😄

डिचोलीची_पोर
खूप खूप आभार सगळ्यांचे. ताई, तुमचं वाचून बाबांना विचारायला लावलं, तर लायसन्सवर मालकांच्या सुनेचं नाव आहे आणि ती आता पुण्याला असते म्हणे! म्हणजे मला का बोलावलंय ते कळलं. नाव घातलं तर मी पूर्ण वेळ तिथे हवी, आणि त्यांना रविवारी सकाळी पण दुकान उघडं ठेवायचंय, मग सुट्टीचं काय ते कोणी बोलतच नाही. हॉस्पिटलला फोन केला, पहिले तीन महिने सीनियरबरोबरच नाईट म्हणाले. तिकडेच कल आहे माझा आत्ता. बांबोळी बाजूला मुलींसाठी रूम किंवा पेइंग गेस्ट कुठे बघू?

बांबोळीकर
मेरशी, सांताक्रूझ बघ. आणि तीन महिने सीनियरबरोबर हे ऑफर लेटरमध्ये लिहून माग, फोनवर सगळे सगळं म्हणतात.