गच्चीवर कुंडीत बांबू: ठेवावा की काढावा?

गच्चीमाळी (पुणे):
आमची इमारत चार मजल्यांची. गच्चीच्या पश्चिम कठड्याशी सहा वर्षांपूर्वी मी तीन अर्ध्या पिंपांत मल्टिप्लेक्स बांबू लावला. आज काठ्या करंगळीएवढ्या जाड आणि नऊ-दहा फूट उंच आहेत. एप्रिलमध्ये चार वाजता त्या कोपऱ्यात अनवाणी उभं राहता येतं, बाकी गच्चीवर पाय भाजतात. गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत ठराव आला: बांबू काढा, मुळं स्लॅब फोडतात.

ही भीती मला पटत नाही. हा बेटाने वाढणारा बांबू आहे. याचे कंद आखूड, नवा कोंब जुन्या काठीला चिकटूनच येतो. जमिनीखालून लांबवर पळत जाणाऱ्या जाती वेगळ्या. पिंपं मी विटांवर ठेवली आहेत आणि दर महिन्याला खालून हात फिरवून बघतो. सहा वर्षांत एकही मूळ बाहेर आलेलं नाही.

माणग्याचं बेट (कुडाळ):
दादा, स्लॅबचं मला कळत नाही, बांबूचं कळतं. बांबू कुंडीत लावू नये असंच माझं मत. कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच काठीची जाडी ठरलेली असते. एका पावसाळ्यात ती पूर्ण उंच होते, पण पुढे दहा वर्षं ठेवली तरी सुताएवढीही जाड होत नाही. म्हणजे खरं बळ खालच्या कंदात, आणि त्यालाच तुम्ही पिंपात कोंडलंय. आमच्या माणग्याची, म्हणजे कोकणातल्या बांबूच्या एका जातीची, भरीव काठी दीड-दोन इंच जाड होते, ती बांधावर मोकळी वाढते म्हणून.

गच्चीमाळी:
माणग्याशी तुलना नको, भाऊ. मल्टिप्लेक्स जमिनीतही बारीकच राहतो, कुंपणाचीच जात ती. चूक होते ती नर्सरीत. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा बघून लोक पिवळा बांबू उचलतात. तो जमिनीत चाळीस-पन्नास फूट जातो. तो कुंडीत लावू नये, हे मलाही मान्य.

निळी छत्री:
माझा लकी बांबू पाण्यात छान चाललाय, त्याला मातीही लागत नाही.

गच्चीमाळी:
ताई, तो बांबूच नव्हे. ड्रॅसिना आहे तो. बांबू म्हणजे गवत, नुसत्या पाण्यात ठेवला तर मुळं कुजतील.

सळई-सिमेंट (ठाणे):
मी बांधकामात आहे. मुळांची चर्चा चालली आहे, वजनाबद्दल कोणीच बोलत नाही. अर्ध्या पिंपात शंभर लिटर माती बसते. ती भिजली की दीडशे किलोच्या वर. तीन पिंपं म्हणजे जवळपास अर्धा टन. वावर असलेली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो धरून डिझाइन केलेली असते. तुमची पिंपं कठड्याशी, म्हणजे बहुतेक बीमवर आहेत, ते ठीक. पण उद्या सावलीसाठी मधोमध सरकवली तर माझं मत ठरावाच्या बाजूने.

तिसरा मजला:
मी ठरावाच्याच बाजूने. कारण मुळंही नाहीत आणि वजनही नाही. पानं! आमच्या इमारतीत वरच्यांनी हौसेने बांबू लावला. बांबूचं पान वर्षभर गळतं. बारीक, चिवट, भिजलं की एकावर एक बसून चटईच होते. जुलैमध्ये गच्चीच्या नळाची जाळी अशी बुजली की वर घोटाभर पाणी साचलं आणि आमच्या बेडरूमच्या छताला ओल आली. सासूबाईंचा पलंग मध्यरात्री ओढून हलवला. लावणाऱ्याला सावली मिळते, खालच्याला ओल. हे तुम्हाला योग्य वाटतं?

गच्चीमाळी:
नाही वाटत. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आज सकाळी वर जाऊन आमची जाळी बघितली. मूठभर पानं निघाली. माझं रोज झाडणं होत नाही, हे खरं आहे. एक पिंप नळापासून चार फुटांवर होतं. दोघांनी मिळून ते दुसऱ्या टोकाला नेलं, बीमवरच. पावसाळ्यात जाळी रोज साफ करायची जबाबदारी माझी, असं सभेला लेखी देतोय. पण म्हणून बांबूच काढायचा, हे अजूनही मान्य नाही.

माणग्याचं बेट:
काढणार नसाल तर निदान उपाशी ठेवू नका. दुपारी पानं सुरळीसारखी वळतात का?

गच्चीमाळी:
यंदा वळतात, दोन वेळा पाणी घालूनही. पाणी मातीत मुरत नाही, कडेने खाली निघून जातं. एका पिंपाचं प्लास्टिकही एका बाजूला फुगलंय.

माणग्याचं बेट:
मग आत माती उरलीच नाही, सगळा कंद झालाय. पहिला पाऊस पडला की पिंप आडवं करून बेट बाहेर काढा आणि करवतीने दोन भाग करा. कोयत्याने नको, कंद फाटतो. प्रत्येक भागाला दोन-तीन काठ्या आणि जिवंत डोळे राहू द्या. तीन वर्षांवरच्या काठ्या बुडातून कापा, नव्या कोंबांना जागा होते. अर्धं बेट परत पिंपात, निम्मं शेणखत घालून. उरलेलं अर्धं कोणाच्या तरी बांधावर द्या. माझं मत बदललेलं नाही. पण ते जमिनीत गेलं तर मला बरं वाटेल.

तिसरा मजला:
आमच्या इमारतीमागे मोकळी जमीन आहे, नळांपासून लांब. तिथे लावायला ते अर्धं मी घेईन.