कलप सोडायचा तर खर्च किती येतो? माझा हिशेब जुळत नाहीये

लेजरबाई, सांगली

नमस्कार मंडळी. वय ५६. सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यामुळे घरात कोथिंबिरीची जुडी आली तरी वहीत चढते. घरचे हसतात. पण आज त्या वहीमुळेच प्रश्न पडलाय.

पंधरा वर्षं केसांना कलप लावतेय. मार्चमध्ये एका रविवारी नेहमीसारखा लावला आणि सोमवारी सकाळी डोळेच उघडेनात. पापण्या टम्म सुजलेल्या, कपाळावर केसांच्या कडेनं पुरळ, कानामागे लस येतेय. नवरा म्हणाला, मधमाशी चावली का. त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या-मलम दिलं आणि एका वाक्यात निकाल लावला: कलप बंद, कायमचा. मी म्हटलं, अहो पंधरा वर्षं तेच पाकीट वापरतेय. तर म्हणाले, अशीच होते ही अ‍ॅलर्जी.

याला अकरा आठवडे झाले. काल भांगावर फूटपट्टी धरून मोजलं. मुळाशी सव्वा इंच पांढरं, त्याखाली बारा इंच काळंकुळीट. आरशात बघितलं की रस्त्यावरचा दुभाजक आठवतो.

मागच्या आठवड्यात मुलीच्या लग्नाच्या खरेदीला पुण्याला गेलो होतो. तिच्या आग्रहानं एका मोठ्या सलूनमध्ये शिरले. तिथल्या मुलीनं दोन बोटांत माझी बट उचलली, मंडईत मेथीची जुडी उचलून बघतात तशी, आणि म्हणाली, "मॅम, ग्रे ब्लेंडिंग करू या." म्हणजे काळ्या केसांत मधे मधे बटा ब्लीच करून वर करडा टोनर (रंगाची हलकी छटा). दोन बैठका, ₹१८,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ₹१८,९००. टोनर उतरतो म्हणून पुढे दर सहा आठवड्यांनी ₹१,८००.

आता वही. मागच्या आर्थिक वर्षात सतरा वेळा मुळं रंगवली. तेरा वेळा घरी, प्रत्येक वेळी चाळीसची दोन पाकिटं, ₹१,०४०. चार वेळा कार्याच्या निमित्तानं पार्लरमध्ये, नऊशेप्रमाणे ₹३,६००. एकूण ₹४,६४०. सगळीकडे वाचते की पांढरे केस ठेवले की पैसे वाचतात. माझे कुठे वाचतायत? ₹१८,९०० भरून यायलाच चार वर्षं लागतील, तेही टोनर न धरता.

लग्न डिसेंबरात आहे. मुलगी म्हणते, "आई, पांढरे ठेव, काळे ठेव, पण फोटोत अर्धवट नको." एवढे पैसे घालावेत का? की वेगळा काही मार्ग आहे?

आणखी एक अडचण आहे, जरा बावळट वाटेल. सासूबाई ८२ वर्षांच्या. दर तीन आठवड्यांनी रविवारी चहा झाला की आम्ही दोघी मागच्या गॅलरीत बसतो, खाली वर्तमानपत्र, अंगावर जुना गाऊन, कडेनं काळी पडलेली एक स्टीलची वाटी. मी त्यांना लावते, त्या मला लावतात. लग्न होऊन आले तेव्हा आमचं फारसं जमायचं नाही. जे काही बोलणं सुरू झालं ते त्या गॅलरीत, एकमेकींच्या मागे उभं राहून. आता त्या विचारतात, "म्हणजे मी काळी आणि तू पांढरी? लोक तुलाच सासू म्हणतील."

---

चाफेकळी, ठाणे

माझा खर्च ₹४००. पण ते श्रेय माझं नाही, लॉकडाउनचं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा मी ४९ ची होते. घरून काम, कॅमेरा बंद ठेवायची. २८ जूनला सलून उघडली तेव्हा नियम असा होता की केस कापायला आणि रंगवायला परवानगी, फेशियल वगैरे बंद. म्हणजे सरकारनं केस रंगवणं अत्यावश्यकाच्या जवळपास आणून ठेवलं होतं! पण तोवर दीड इंच आले होते आणि मला उगाच उत्सुकता वाटायला लागली की खाली नक्की काय आहे. दिवाळीपर्यंत चार इंच झाले. मग जाऊन उरलेलं सगळं काळं कापून टाकलं. बॉयकट. मुलगा म्हणाला, "बाबा, घरी कोण आलंय?"

जे खर्च वहीत आधी दिसत नाहीत ते सांगते. फिक्या रंगाच्या साड्या. अबोली, बदामी, फिकट पिस्ता, सगळ्या अंगावर आजारी दिसायला लागल्या. गडद जांभळा, मोरपिशी, कुंकवासारखा लाल, असं काहीबाही घ्यावं लागलं. त्या वर्षी साड्यांवर साताठ हजार गेले असतील. तुम्ही लग्नाची साडी अजून घेतली नसेल तर हे लक्षात ठेवा.

जमेच्या बाजूला: लोकलमध्ये बसायला जागा मिळते. पहिल्यांदा एक मुलगी माझ्यासाठी उठली तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोणासाठी उठली म्हणून.

---

अर्धचंद्र, नागपूर

ताई, माझा खर्च शून्य. आधी केस गेले, मग रंगाचा प्रश्न मिटला.

(गंमत सोडा, बायकोनं इंदिराबाईंसारखी पुढची एकच बट पांढरी ठेवून बाकी रंगवायचा प्रयोग केला होता. दोन महिन्यांत सोडला. बाकीचे रंगवायचे कष्ट तेवढेच राहतात म्हणाली.)

---

आरसा, कोल्हापूर

लेजरबाई, मी बावीस वर्षं पार्लर चालवतेय, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या पाकिटांवर आणि नऊशेंवरच माझं घर चाललंय. तरी सांगते, ते अठरा हजार ठेवा लग्नाला.

पैशांआधी डोळे. तुम्हाला जे झालं ते बहुतेक पीपीडीमुळे. काळ्या कलपात काळेपणा आणणारं रसायन तेच असतं. शरीर एकदा त्याला ओळखायला लागलं की विसरत नाही, आणि पुढच्या खेपेला जास्त जोरात उठू शकतं. दुकानात विचारलंत तर "मग अमोनिया-फ्री घ्या" म्हणतील. अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असं मुळीच नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. "काळी मेंदी" म्हणून पुडी मिळते तिच्यातही बऱ्याचदा हेच असतं. मेंदी कधी काळी नसतेच, तिचा रंग तांबूस. आणि लग्न घरात आहे म्हणून मुद्दाम सांगते: मेंदीच्या दिवशी हातावर लगेच काळा रंग देणारा कोन कुणी पुढे केला तर हात मागे घ्या.

आता तुमचा टोनर. सलूनमधल्या मुलीनं तुम्हाला अ‍ॅलर्जीबद्दल विचारलं का? तुमच्या लिहिण्यात तरी दिसलं नाही. करड्या छटेचे बरेचसे टोनर हे कलपाच्याच जातीचे असतात, डेव्हलपरमध्ये (पेरॉक्साइडचं द्रावण) कालवून लावायचे. काहींत पीपीडी नसलं तरी त्याची चुलत भावंडं असतात, आणि ज्याला एकाचं बाधतं त्याला दुसऱ्याचंही बाधू शकतं. म्हणजे दर सहा आठवड्यांनी ₹१,८०० देऊन तुम्ही तेच दुखणं विकत घेणार. निदान डब्यावरची यादी तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डोक्याला लावू देऊ नका. ब्लीचची पावडरही काहींना सोसत नाही.

दुसरं, दोन बैठकांत ते होणारच नाही. मुळं मुळं रंगवायची म्हणतो आपण, पण घरी लावताना उरलेला कलप शेवटी टोकांपर्यंत ओढलाच जातो, हो की नाही? वाया कशाला घालवायचा! तुमच्या टोकांच्या केसांवर असे कितीतरी थर बसलेत. त्यावर ब्लीच टाकलं की आधी विटकरी होतं, मग केशरी, मग पिवळं. करडा रंग त्या पिवळ्याच्याही पुढे. तिथपर्यंत पोचेस्तोवर केसांचा काथ्या होतो. माझ्याकडे पुण्या-मुंबईत असं करून आलेल्या दोघीतिघी आल्या, शेवटी कापावेच लागले. म्हणजे कापण्याचे अडीचशे रुपये चुकले नाहीतच, आधी वीस हजार गेले एवढंच.

कलपाआधी कधी बाजारातली मेंदी लावत होतात का? त्यातल्या काहींत धातूचे क्षार असतात. त्यावर डेव्हलपर पडला की केस गरम होतात, कधी वाफही निघते.

माझा मार्ग कंटाळवाणा आहे. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, त्यात घासाघीस चालत नाही. आज सव्वा इंच आहेत, डिसेंबरात चार-सव्वाचार होतील. बारा इंच ठेवून वाट बघायची तर सगळं काळं जायला जवळजवळ दोन वर्षं लागतील. म्हणून आत्ता खांद्याच्या वर बॉब करा, मग दर दोन महिन्यांनी खालून कमी करत या. लग्नापर्यंत तीन-चार कट होतील, आमच्याकडे अडीचशे-तीनशेला होतो. एक जांभळा शाम्पू घ्या, पाचशेच्या आसपास, आठवड्यातून एकदाच लावायचा. जांभळा पिवळ्याला मारतो. सांगलीत बोअरचं पाणी असेल तर पांढरे केस पिवळसर पडतात, तेव्हा शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. हिरवंगार आवळ्याचं तेल लावत असाल तर तेही बंद, साधं खोबरेल चालेल. सगळं मिळून दीड हजार.

लग्नात मात्र दोन पर्याय. धीर असेल तर चार इंचांवर कापून मोकळ्या व्हा. नसेल तर बॉबच्या पुढे कापू नका, मानेवर छोटा आंबाडा घाला. पुढून आणि डोक्यावर पांढरं, काळी टोकं आंबाड्यात गुंडाळलेली, त्याभोवती भरगच्च गजरा. गजऱ्यात सगळं झाकतं. फोटोग्राफरलाही कळणार नाही.

चाफेकळी यांचा साड्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. माझ्याकडच्या नवऱ्यामुलाच्या आया त्यावर रडतात.

आणि पैसे वाचत नाहीत हे तुमचं खरं आहे. दर तीन आठवड्यांनी सलूनमध्ये दीड हजार टाकणारीचे वर्षाला पंचवीस हजार वाचतात, ती हे सगळीकडे सांगत सुटते. पाकीटवालीचे काय वाचणार? चार-साडेचार हजार. तुमच्या वहीत त्या सोमवारचं डॉक्टरचं बिल कुठल्या खात्यावर टाकलंय ते बघा बरं.

---

लेजरबाई, सांगली

आरसाताई, पकडलंत. डॉक्टर, मलम, गोळ्या, पुन्हा एकदा दाखवणं, सगळं मिळून ₹२,३५० होते आणि मी ते "औषधपाणी" खाली टाकले होते. ओढून कलपाच्या खात्यात आणले.

सलूनमध्ये अ‍ॅलर्जीचं कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. का, तर मोठं सलून, त्यांना कळत असेल. बँकेत कर्जदारानं असं केलं असतं तर मी त्याला उभा केला असता. मेंदी कलपाआधी चार वर्षं लावत होते, कुठली ते आता आठवत नाही. म्हणजे तोही धोका होताच.

काल गल्लीतल्या पार्लरमध्ये जाऊन बॉब केला. ₹२५०. खाली पडलेला काळा ढीग बघून पोटात थोडं कालवलं, खोटं कशाला बोलू. साडी अजून घ्यायची आहे. अंजिरी बघतेय.

एक विचारायचं राहिलं. सासूबाईंना मी कलप लावू का? त्यांना आजवर काही झालेलं नाही. मला कलपाला हात लावलेला चालेल का?

---

आरसा, कोल्हापूर

पाकिटातले पातळ प्लास्टिकचे हातमोजे नकोत, ते बोटांशी फाटतात. मेडिकलमधून नायट्राइलचे आणा, एकदा वापरून फेकायचे. मनगटावर उडू देऊ नका. तरी डॉक्टरांना एकदा विचारा.

त्यांना काही झालेलं नाही म्हणता, तसं तुम्हालाही पंधरा वर्षं काही झालं नव्हतं. यापुढे दर वेळी आधी कानामागे कलपाचा ठिपका लावून ४८ तास थांबायचं, खाज आली तर कलप लावायचाच नाही. वयाचा मान ठेवू नका यात.

---

लेजरबाई, सांगली

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, शक्यतो दुसऱ्या कुणाला लावू दे, लावायचाच असेल तर मोजे घालूनच. नवऱ्याला विचारलं तर तो वर्तमानपत्रामागे गेला. तेव्हा मीच.

शुक्रवारी सकाळी ठिपका लावलाय. सासूबाई दर दोन तासांनी कान पुढे करून "बघ गं, आलं का काही?" म्हणतात. कालपासून त्यांनी त्या बाजूला मान वळवून कुशीवर झोपणंही बंद केलंय. आज दुपारी म्हणाल्या, "तुला लावायचं नाही, तर मग मी तुझ्यामागे उभी राहून काय करू?" मी म्हटलं, खोबरेल तेल लावा. त्यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "तुझी पाकिटं किती उरलीयत?"

सहा. ₹२४०. म्हणाल्या, "मग आता चार-पाच महिने माझी आणू नकोस."